मोडलेली शपथ आणि परत धरलेले गुलाम : सिद्कीया राजाचं प्रकरण

इस्राएल आणि यहूदाच्या राजांनी देवाशी बेइमानी केली असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मूर्ती येतात. यराबामाने बेथेल आणि दान इथे बसवलेली सोन्याची वासरं, अहाबाने शोमरोनात बांधलेलं बआलाचं देऊळ, मनश्शेने थेट यरुशलेमच्या मंदिरात उभारलेल्या वेद्या. बायबलमधल्या राजांच्या ग्रंथांत हे पुन्हा पुन्हा येतं आणि बहुतेक राजांचा निकाल एकाच ओळीत लागतो : परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते त्याने केलं. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्याही वाट्याला हीच ओळ आली आहे. पण यिर्मया आणि यहेज्केल या दोन संदेष्ट्यांनी त्या ओळीच्या आत काय दडलंय ते उघडून दाखवलं. राजावरच्या त्यांच्या आरोपात मूर्तींपेक्षा ठळक दिसते ती शपथ. देवाचं नाव घेऊन खाल्लेली आणि अडचणीची झाल्यावर मोडलेली. एक शपथ बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सम्राटाशी, दुसरी आपल्याच घरात राबणाऱ्या गुलामांशी.

पहिलीची चर्चा इतिहासात भरपूर होते. दुसरीकडे कुणी फारसं वळत नाही. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात ती पंधराएक वचनांत येते आणि आपण ती वाचून पुढे निघून जातो. माझ्या मते यरुशलेम का पडलं याचं उत्तर त्या पंधरा वचनांत जितकं स्पष्ट आहे तितकं दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

सिद्कीया गादीवर कसा आला

सिद्कीया हा योशीया राजाचा मुलगा. योशीयाच्या कारकिर्दीत मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, आणि तो वाचून दाखवल्यावर राजाने आपली वस्त्रं फाडली. हा योशीया इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो इथे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या हातून मारला गेला. त्यानंतरच्या बावीस-तेवीस वर्षांत यहूदाने चार राजे पाहिले. त्यांतले तीन योशीयाचे मुलगे आणि एक नातू.

नातू म्हणजे यहोयाखीन. तो गादीवर बसून जेमतेम तीन महिने झाले होते, तोच बाबेलचा नबुखद्नेस्सर सैन्य घेऊन दारात उभा राहिला. यहोयाखीनाने शहर स्वाधीन केलं आणि आई, राण्या, सरदार यांच्यासह तो कैदेत गेला. ही घटना बाबेलच्या बाजूनेही नोंदलेली आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या मातीच्या एका इतिवृत्तपाटीवर नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षाची हकिगत आहे : यहूदाच्या नगराला वेढा घातला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतलं, तिथल्या राजाला पकडलं आणि आपल्या मनाजोगा राजा बसवला. आपल्या पंचांगाने ती तारीख इ. स. पू. ५९७ च्या १६ मार्चला पडते.

हा मनाजोगा राजा म्हणजे यहोयाखीनाचा एकवीस वर्षांचा काका मत्तन्या. नबुखद्नेस्सराने त्याचं नाव बदलून सिद्कीया ठेवलं आणि त्याच्याकडून निष्ठेची शपथ घेतली. ती त्याने देवाच्या नावाने घ्यायला लावली, असं इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या ३६ व्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे. पुढचं सगळं याच मुद्द्यावर येऊन अडतं. परक्या सम्राटाने जुलमाने घ्यायला लावलेली शपथ पाळायला हवी का, असा प्रश्न कुणालाही पडेल. यहेज्केल त्याचं उत्तर १७ व्या अध्यायात देतो. तो स्वतः बाबेलमध्ये, खबार कालव्याच्या काठी, पहिल्या तुकडीतल्या बंदिवानांबरोबर राहत होता. बाबेलच्या राजाशी केलेला करार मोडणाऱ्याबद्दल परमेश्वर काय म्हणतो? 'माझी शपथ' त्याने तुच्छ लेखली, 'माझा करार' त्याने मोडला. समोरचा माणूस कोण, यापेक्षा साक्षीला कुणाला बोलावलं हे तिथे महत्त्वाचं ठरतं.

सिद्कीयाची चलबिचल मात्र लवकरच सुरू झाली. त्याच्या दरबारात अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन इथले वकील जमले. बाबेलविरुद्ध एकजूट करण्याची खलबतं सुरू होती, हे उघड आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन त्या वकिलांसमोर गेला आणि म्हणाला : या जुवाखाली मान द्या, म्हणजे वाचाल. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते जू सगळ्यांदेखत मोडलं आणि दोन वर्षांत सगळे बंदिवान परत येतील, असं सांगितलं. लोकांना काय ऐकायला आवडलं असेल ते सांगायला नको. पुढे सिद्कीयाने मिसरकडे घोडे आणि माणसं मागितली आणि बाबेलशी उघड दावा मांडला.

वेढ्यातली मुक्ती

सिद्कीयाच्या नवव्या वर्षी, दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी वेढा पडला. यहूदाची एकेक तटबंदीची नगरं गळून पडली. शेवटी यरुशलेमखेरीज लाखीश आणि अजेका एवढीच उरली, असं यिर्मया ३४:७ सांगतं. १९३५ साली जेम्स स्टार्की यांना लाखीशच्या वेशीजवळच्या जळक्या थरात शाईने लिहिलेले खापरांचे तुकडे सापडले. ती त्याच काळातली लष्करी पत्रं आहेत. त्यांतल्या एकात एक अधिकारी आपल्या वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. अजेका तोवर पडलं होतं की आणखी काही कारण होतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या दोन नगरांची नावं एका खापरावर वाचताना अंगावर काटा येतो.

अशा वेळी सिद्कीयाने यरुशलेमच्या सगळ्या लोकांशी एक करार केला : प्रत्येकाने आपल्याकडच्या इब्री गुलामाला आणि दासीला मोकळं करावं. कुणीही आपल्या यहूदी बांधवाला गुलाम म्हणून ठेवू नये.

ही काही नवी उदारता नव्हती. नियमशास्त्रातल्या निर्गम आणि अनुवाद या ग्रंथांत (अध्याय २१ आणि १५) नियम होताच. कर्जापायी किंवा गरिबीपायी विकला गेलेला इब्री माणूस सहा वर्षं राबेल आणि सातव्या वर्षी फुकट सुटेल. अनुवाद त्यापुढे जाऊन म्हणतं, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं त्याच्या पदरात घाला. कारण तुम्हीही मिसरात गुलाम होता. यिर्मयाही लोकांना हेच आठवतो : तुमच्या पूर्वजांना मी हे सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हा नियम कागदावरच होता. वेढा पडल्यावर तो अमलात आला.

करार झाला तो साधा नव्हता. मंदिरात, परमेश्वरासमोर, एक वासरू कापून त्याचे दोन भाग केले गेले आणि यहूदाचे सरदार, यरुशलेमचे सरदार, दरबारातले खोजे, याजक आणि देशातले सर्व लोक त्या दोन भागांच्या मधून चालत गेले. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अब्राहामाबरोबरच्या करारातही जनावरं अशीच मधोमध चिरली जातात. सीरियातल्या सफीरे इथे इ. स. पू. आठव्या शतकातले अरामी भाषेतले करारलेख मिळाले आहेत. त्यांत अर्पादचा राजा मतीएल याच्यासाठी शापच दिला आहे, की हे वासरू जसं कापलं जात आहे तसा वचन मोडल्यास मतीएल कापला जावो. यरुशलेमच्या सरदारांना मधून चालताना आपण काय कबूल करतोय हे पुरतं ठाऊक होतं. पाय रक्तात भिजवून दिलेलं वचन होतं ते.

गुलाम सुटले. 'ऐकून त्यांनी त्यांना सोडलं,' एवढंच ग्रंथ म्हणतो. सोडण्याचं कारण तो देत नाही. वेढलेल्या शहरात शेतं तटाबाहेर, कामं ठप्प आणि खाणारी तोंडं तेवढीच. गुलामाला मोकळं केलं की त्याच्या भाकरीची जबाबदारीही सुटते, असा हिशोब काहींनी नक्कीच केला असणार. तटावर लढायला माणसं हवी होती, हेही असेल. आणि देव प्रसन्न व्हावा ही आशाही असेल. मी हे सगळे हेतू एकत्र धरतो, कारण माणसं संकटात अशीच वागतात. आश्चर्य याचं, की हेतू इतका गढूळ असूनही परमेश्वराने ते कृत्य स्वीकारलं. यिर्मया ३४:१५ मध्ये तो म्हणतो, तुम्ही वळलात आणि माझ्या दृष्टीने जे योग्य ते केलंत. हेतू स्वच्छ नव्हता म्हणून त्याने ते नाकारलं नाही. याकडे आपण लक्ष द्यायला हवं, कारण पुढचा कोप किती मोठा होता ते इथूनच कळतं.

येरे माझ्या मागल्या

मग बातमी आली : फारोचं सैन्य मिसरातून निघालं आहे. बाबेलच्या सैन्याने वेढा उठवला आणि ते मिसरी फौजेला सामोरं जायला निघून गेलं. यरुशलेमच्या वेशी उघडल्या. महिनोन्‌महिने कोंडलेली माणसं बाहेर पडली. शेतं पुन्हा हाताशी आली, आणि शेतात राबायला हात हवे झाले.

गरज सरो आणि वैद्य मरो. ज्यांना मोकळं केलं होतं त्यांनाच सरदारांनी आणि लोकांनी परत धरून आणलं आणि पुन्हा गुलाम केलं. राजाने तसा हुकूम काढला, असं ग्रंथ म्हणत नाही. त्याने ते थांबवलं, असंही म्हणत नाही. करार त्याच्याच पुढाकाराने झाला होता. तो मोडला जाताना तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याचीच शिक्षा त्याला झाली.

परत धरून आणलेल्या माणसांपैकी कुणाचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणी आपल्या गावी, बन्यामीनच्या डोंगरांत किंवा शफेलाच्या उतारावर निघालं असेल आणि वाटेतून ओढून आणलं गेलं असेल. कुणाला जायला ठिकाणच नसेल आणि ते त्याच आळीत कुठेतरी राहिलं असेल. अनुवादाने सांगितलेलं धान्य आणि द्राक्षरस त्यांच्या पदरात कुणी घातला नव्हता, हे तर नक्की. ३४:१६ मधला शब्दप्रयोग मला फार लागतो : ज्यांना 'त्यांच्या मर्जीप्रमाणे जाऊ दिलं होतं' त्यांना परत आणलंत. त्या माणसांची मर्जी म्हणून काही होती, हे अख्ख्या यरुशलेममध्ये तेव्हा फक्त परमेश्वराने लक्षात ठेवलं.

यिर्मयाने परमेश्वराचं उत्तर सांगितलं ते त्यांच्याच कृतीच्या भाषेत. तुम्ही आपल्या बांधवांना मुक्ती जाहीर केली नाहीत, तर पाहा, मी तुम्हाला मुक्ती जाहीर करतो : तलवारीकडे, मरीकडे आणि दुष्काळाकडे जायची मुक्ती. आणि जे वासराच्या दोन भागांमधून चालत गेले, त्यांची प्रेतं आकाशातल्या पाखरांना आणि रानातल्या जनावरांना खाऊ घालीन. उठून गेलेलं बाबेलचं सैन्य? त्याला मी हुकूम देऊन परत आणतो.

फारोबद्दल यिर्मयाला काडीचाही भरवसा नव्हता. ३७ व्या अध्यायात तो म्हणतो : फारोची फौज परत मिसराला जाईल. समजा तुम्ही बाबेलच्या सगळ्या सैन्याला मारलंत आणि तंबूंत फक्त जखमी उरले, तर ते जखमीसुद्धा उठून हे शहर जाळतील. तसंच झालं. मिसरी फौज मागे फिरली आणि वेढा पुन्हा पडला.

हौदातला संदेष्टा आणि घाबरलेला राजा

वेढा उठलेला असतानाच यिर्मया बन्यामीनच्या प्रदेशात आपल्या वाटणीच्या कामासाठी निघाला होता. वेशीवर इरीया नावाच्या नायकाने त्याला अडवलं : तू शत्रूला जाऊन मिळतोयस. मारहाण झाली आणि त्याला योनाथान लेखकाच्या घरातल्या तळघरात डांबलं गेलं. तिथून राजाने त्याला गुपचूप बोलावून विचारलं : परमेश्वराकडून काही वचन आहे का? आहे, यिर्मया म्हणाला, तुम्ही बाबेलच्या राजाच्या हाती पडाल.

हा प्रश्न सिद्कीयाने पुन्हा पुन्हा विचारला. म्हणूनच मी त्याला सरळ दुष्ट म्हणू शकत नाही. यहोयाकीमाने, त्याच्या मोठ्या भावाने, यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकली होती. सिद्कीया तसा नव्हता. त्याने यिर्मयाला तळघरातून काढून पहाऱ्याच्या चौकात ठेवलं आणि शहरात भाकरी असेपर्यंत रोटीवाल्यांच्या आळीतून रोज एक भाकरी त्याला मिळेल अशी सोय केली. त्याला सत्य हवं होतं. ते ऐकून त्याप्रमाणे वागायचं बळ मात्र त्याच्यात नव्हतं.

सरदार राजाकडे आले : या माणसाला मारा. त्याच्या बोलण्याने शहरात उरलेल्या लढवय्यांचे हात ढिले पडताहेत. लाखीशच्या एका पत्रातही हात ढिले करणाऱ्या शब्दांची अशीच तक्रार आहे, म्हणजे तेव्हाच्या सैन्यात ही बोली नेहमीची असणार. राजाने उत्तर दिलं : तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे राजाचं काही चालत नाही. यहूदाच्या सिंहासनावर बसलेला माणूस हे बोलतोय! सरदारांनी यिर्मयाला दोरांनी मल्कीयाच्या हौदात सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल. तो चिखलात रुतत गेला.

त्या सरदारांपैकी दोघांची नावं यिर्मया ३८:१ मध्ये आहेत : गदल्या बिन पशहूर आणि यहूकल बिन शलेम्या. यरुशलेमच्या दावीदनगरात एलात मझार यांच्या उत्खननात २००५ साली एक मातीचा शिक्का मिळाला, त्यावर यहूकल बिन शलेम्या हे नाव आहे. २००८ साली तिथून जवळच दुसरा शिक्का मिळाला, गदल्या बिन पशहूर या नावाचा. नखाएवढी ढेकळं ती. ज्यांनी सही-शिक्क्यांचे कारभार केले आणि संदेष्ट्याला चिखलात टाकलं, त्यांच्या नावांचे ठसे मातीतून निघाले. लोक हे शिक्के बायबलच्या सत्यतेचे पुरावे म्हणून दाखवतात. मला त्यांच्याकडे पाहून वेगळंच वाटतं. हे दोघं सरदार होते, आणि सरदार वासराच्या मधून गेलेल्यांत होते.

यिर्मयाला वर काढलं ते एका परदेशी माणसाने. एबद-मलेख कूशी, आफ्रिकेतून आलेला, राजवाड्यातला खोजा. तो भर वेशीत राजासमोर जाऊन बोलला : महाराज, या माणसांनी यिर्मयाशी जे केलं ते वाईट केलं, तो भुकेने मरेल. राजाने माणसं दिली. एबद-मलेखाने राजवाड्याच्या कोठारातून जुनी फाटकी वस्त्रं घेतली, दोरांनी खाली सोडली आणि सांगितलं, या चिंध्या काखेत ठेवा, मग त्यावरून दोर घ्या. दोर काचू नये एवढा विचार त्या घाईतही त्याला सुचला. ज्या शहरात दिलेलं वचन मोडून माणसांना परत धरून आणलं गेलं, त्याच शहरात एक परका चाकर एका कैद्याच्या काखेची काळजी करत होता. पुढे शहर पडल्यावर तू वाचशील, असं वचन त्याला मिळालं. कारण? तू माझ्यावर भरवसा ठेवलास.

त्यानंतर राजा आणि संदेष्टा शेवटचे भेटले, मंदिराच्या तिसऱ्या दाराशी, चोरून. यिर्मयाने मार्ग सांगितला : बाबेलच्या सरदारांना शरण जा, तुम्ही वाचाल, तुमचं घराणं वाचेल, शहर जळणार नाही. सिद्कीयाने आपली भीती उघड केली : जे यहूदी आधीच तिकडे गेलेत, त्यांच्या हाती मला देतील आणि ते माझी विटंबना करतील. यिर्मया जवळजवळ गयावया करतो : देणार नाहीत, परमेश्वराचं ऐका. राजाने एवढंच म्हटलं : हे बोलणं कुणाला कळू देऊ नकोस.

शहराच्या, मंदिराच्या आणि स्वतःच्या मुलांच्या जिवाचा सौदा समोर होता, आणि त्याला काळजी होती सरदारांना भेटीचा सुगावा लागण्याची.

रिब्ला

अकराव्या वर्षी, चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी शहरात भाकरी उरली नाही आणि तटाला खिंडार पडलं. हा इ. स. पू. ५८७ चा किंवा ५८६ चा उन्हाळा. राजा आणि लढवय्ये रात्री राजाच्या बागेच्या वाटेने, दोन तटांमधल्या वेशीतून पळाले. यरीहोच्या मैदानात बाबेलच्या सैन्याने त्याला गाठलं आणि हमाथ देशातल्या रिब्ला इथे नबुखद्नेस्सरापुढे उभं केलं. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारलं, यहूदाच्या सरदारांना मारलं, मग त्याचे डोळे फोडले आणि पितळी बेड्या घालून त्याला बाबेलला नेलं. मरेपर्यंत तो तुरुंगात राहिला. तो बाबेलला नेला जाईल पण बाबेल पाहणार नाही, असं यहेज्केलाने आधीच म्हटलं होतं. पाचव्या महिन्यात बाबेलचा सेनापती नबूजरदान आला आणि त्याने मंदिर, राजवाडा आणि मोठी घरं जाळली.

पाचव्या महिन्यातल्या या दिवसाचा उपास ज्यू समाज आजही अव महिन्याच्या नवमीला पाळतो. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांत त्याला 'बिरड्याचा सण' म्हणत आले आहेत, कारण त्या दुखवट्याच्या दिवसांत मांस वर्ज्य आणि ताटात वालाचं बिरडं. यरुशलेमच्या राखेचं सुतक रायगडच्या गावांत बिरड्याने पाळलं जावं, ही त्या समाजाच्या स्मरणशक्तीची केवढी मोठी गोष्ट आहे.

निकाल तपासताना

दुसरा मार्ग खरंच होता का? होता, आणि त्याचा पुरावा मातीच्या पाट्यांवर आहे. शरण गेलेला पुतण्या यहोयाखीन बाबेलमध्ये जिवंत राहिला. बाबेलच्या राजवाड्याच्या अवशेषांत सापडलेल्या आणि १९३९ साली अर्न्स्ट वाइड्नर यांनी प्रसिद्ध केलेल्या शिधापत्रांत 'यहूदाचा राजा' यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना तेल दिल्याची नोंद आहे. पुढे नबुखद्नेस्सराच्या मुलाने त्याला कैदेतून सोडून आपल्या पंक्तीला बसवलं. शरण गेलेल्या राजाच्या मुलांना तेलाचा शिधा मिळाला. शपथ मोडणाऱ्याची मुलं रिब्लाला मारली गेली.

त्या मुलांपाशी मी नेहमी अडखळतो. त्यांनी काय केलं होतं? त्याच काळात लोकांच्या तोंडी एक म्हण होती, की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यिर्मया आणि यहेज्केल दोघेही ती म्हण नाकारतात : प्रत्येकाने आपल्याच पापासाठी मरायचं. तरीही रिब्लाला मुलं मेली. मला यातून एवढंच दिसतं, की देवाचा न्याय आणि युद्धातला क्रूरपणा या एकच गोष्टी नाहीत. मुलांचा वध नबुखद्नेस्सराने केला. सिद्कीयाने मुलांना त्याच्या तावडीत जाऊ दिलं, आणि वाचवण्याचा मार्ग त्याला तोंडावर सांगितला गेला होता. राजाची बेइमानी त्याच्यापुरती राहत नाही, ती त्याच्या आश्रयाला असलेल्यांवर कोसळते. विलापगीत ४:२० मध्ये लोक पकडलेल्या राजाला आपल्या नाकपुड्यांतला श्वास म्हणतात. ज्याच्या सावलीत जगू असं वाटलं होतं, तो खड्ड्यात सापडला. त्यांना त्याच्याबद्दल माया होती.

यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायाच्या सुरुवातीला एक वचन आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. गुलामांची हकिगत येण्याआधी परमेश्वर सिद्कीयाला म्हणतो : तू तलवारीने मरणार नाहीस, शांतीने मरशील, तुझ्या पूर्वजांसाठी जाळला तसा धूप तुझ्यासाठी जाळतील. अंध होऊन तुरुंगात मरणं ही काही शांती नव्हे. मी हे वचन उघड्या दारासारखं वाचतो. त्याच्या लगेच पुढे ते दार कुणी लावलं, ते लिहिलेलं आहे.

आणि देवाला ओळखणं म्हणजे काय, हे सिद्कीयाच्या घरात माहीत नव्हतं असं नाही. यहोयाकीम मजुरांना मजुरी न देता देवदारूचा वाडा बांधत होता, तेव्हा यिर्मयाने त्याला बापाची आठवण दिली होती : तुझा बाप खाऊन-पिऊन सुखी होता, आणि तो गरिबाचा आणि लाचाराचा न्याय करी. मला ओळखणं हेच नव्हे काय? असं परमेश्वर म्हणतो. योशीयाच्या मुलांना हे घरातच शिकायला मिळालं होतं. गुलाम सोडले त्या दिवशी सिद्कीया बापासारखा वागला. तो दिवस टिकला असता तर, असा विचार मी टाळू शकत नाही.

नबूजरदानाने शहर जाळल्यावर एक काम केलं, तेही लिहून ठेवलंय. ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं अशा गरिबांना त्याने देशातच ठेवलं आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. परत धरलेल्यांपैकी वाचलेले कुणी त्यांत होते का, ग्रंथ सांगत नाही. असणार असं मला वाटतं. यहूदाच्या राजाकडून जे त्यांना एका बातमीच्या अंतरापुरतंच मिळालं, ते परक्या सेनापतीने जमिनीसकट दिलं. बन्यामीनमधल्या मिस्पात नेमलेल्या गदल्या बिन अहीकामाच्या हाताखाली त्यांनी त्या वर्षी द्राक्षरस आणि उन्हाळी फळं भरपूर जमा केली, असं यिर्मया ४०:१२ मध्ये आहे. गदल्याचा लवकरच खून झाला आणि ती घडीही मोडली.

सुमारे १४० वर्षांनी त्याच शहरात तेच पुन्हा झालं. इ. स. पू. ४४५ च्या सुमाराला यहूदाचा अधिपती नहेम्या तट बांधायला आला, तेव्हा गरिबांनी त्याच्याकडे आक्रोश केला : आमची शेतं गहाण पडलीत, आमच्या मुलामुलींना आम्ही गुलामीत देतोय, आणि घेणारे आमचेच बांधव आहेत. नहेम्या रागावला. त्याने सभा भरवून सावकारांना शेतं, मळे, घरं आणि व्याज परत करायला लावलं. ते करू म्हणाले. नहेम्याला तेवढ्याने समाधान झालं नाही. त्याने याजकांना बोलावून सावकारांना शपथ घ्यायला लावली आणि आपल्या अंगरख्याचा पदर झटकून म्हणाला : जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असंच झटकून रिकामा करो. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. आणि नहेम्या ५:१३ मध्ये पुढे लिहिलंय, की लोकांनी कबूल केल्याप्रमाणे केलं.